नात्याचा रकाना

उलायुक माझ्याशी बोलत नाही. बोलते ती माझ्यातून, काचेतून पलीकडचं बघावं तशी. दवाखान्यात समोरच्या खुर्चीवर बसते, नर्सकडे बघते, आपल्या भाषेत सांगते. ते नर्सपर्यंत पोचवणारं एक माणूस मध्ये बसलंय, हे तिच्या खिजगणतीतही नसतं. उठून जाताना मात्र दाराशी थांबते आणि मला ऐकू जाईल असं म्हणते, "आज दुभाष्याच्या पोरीनं माझ्या बोलण्यात काय कालवलं, कोण जाणे."

दुभाष्याची पोर म्हणजे मी, सार्पिनाक. माझे वडील दुभाष्याचं काम करायचे, मीही तेच करते. वैर मात्र मी कमावलेलं नाही. ते मला घरातल्या भांड्यांसारखं आयतं मिळालं.

उलायुक सहा वर्षांची होती तेव्हा दर उन्हाळ्यात बर्फ फुटलं की पांढरं जहाज यायचं. गावातल्या सगळ्यांना होडीतून वर नेत, छातीचा फोटो काढत. ज्याच्या फोटोत डाग दिसे त्याच्या हाताच्या पाठीवर शाईनं खूण करत, आणि खूण झालेल्या माणसाला खाली उतरू देत नसत. ते तिथूनच थेट दक्षिणेला जाई, क्षयाच्या इस्पितळात. उलायुकची आई, तिचं नाव इकुमा, त्या दिवशी होडीत पाय टाकायला तयार नव्हती. तंबूत चुलीवर किटली होती, पोर एकटी होती. माझे वडील होडीत उभे होते. ते म्हणाले, "फोटोच तर काढायचाय. संध्याकाळच्या चहाला परत येशील."

जहाज दुपारीच हललं. सहा वर्षांच्या उलायुकनं किटलीत बर्फ घातलं, पाणी आटलं की पुन्हा घातलं, आणि असं म्हणे चार दिवस चाललं. इकुमा परत आली नाही. तिला कुठे पुरलं तेही कुणी कळवलं नाही.

चहाचं ते वाक्य वडिलांना जहाजावरच्या लोकांनी सांगितलं होतं, का त्यांनी आपल्या मनानं गोड केलं होतं? मी एकदा विचारलं होतं. ते उठून कुत्र्यांना मासे घालायला गेले.

आमच्याकडे माणूस पुरतात, नाव पुरत नाहीत. माणूस गेलं की त्याचं नाव पुढच्या बाळाला देतात, आणि मग ते बाळ म्हणजे ते माणूसच. माझा धाकटा मुलगा माझ्या भावाचं नाव लावतो, म्हणून मी त्याला दादा म्हणते. तो शाळेला दांडी मारतो तेव्हाही मी त्याला जपून रागावते. गावात एकच नाव असं आहे, जे अकरा वर्षं कुणी बाळाला दिलेलं नाही. ते माझ्या वडिलांचं.

नऊ वर्षांपूर्वी उलायुकच्या लेकीला मुलगी झाली. आमच्या रीतीप्रमाणे तिनं ती आईला वाढवायला दिली, आणि उलायुकनं नाव ठेवलं इकुमा. त्या दिवसापासून पांढऱ्या केसांची ती बाई कडेवरच्या बाळाला आई म्हणू लागली. पोर बोलायला लागली तशी तिला मुली म्हणू लागली. पाच वर्षांची असताना इकुमा दुकानात सगळ्यांदेखत म्हणाली, "मुली, तुझ्या तोंडाला घाण वास येतो." चाळीस वर्षं ओढणाऱ्या उलायुकनं घरी जाऊन तंबाखूचा डबा चुलीत टाकला. गाव हसलं. नवल कुणाला वाटलं नाही. आईनं सांगितल्यावर काय करणार.

आमच्याकडे प्रत्येक लेकराला त्याचं स्वतःचं एक गाणं असतं, कुणा मायेच्या माणसानं फक्त त्याच्यासाठी केलेलं. उलायुकचं गाणं तिच्या आईनं केलं होतं आणि आईबरोबरच जहाजावर गेलं होतं. आता उलायुकनं ते छोट्या इकुमाला शिकवलं, म्हणजे इकुमानं तिला म्हणून दाखवावं. कधी त्यांच्या खिडकीखालून गेलं की ऐकू यायचं:

इवलं इवलं नाक तुझं, बर्फाहून गार गं,
ये ये माझ्या गळ्यापाशी, उबेचं हे दार गं,
वारा आला हाका मारत, त्याला बाहेर सार गं.

एप्रिलमध्ये ते गाणं थांबलं. इकुमाला खोकला झाला होता. मार्चमध्ये दोनदा दवाखान्यात आणलं, तेव्हाच्या नर्सनं दोनदा तापाची गोळी देऊन परत पाठवलं. ती नर्स गेली, दुसरी आली. लॉरेन तिचं नाव. तीन नर्सांच्या जागा, आणि माणूस ही एकटी. झोप नाही, जेवण उभ्यानं, आणि बोलणं असं की दार आपटावं. पण कान धड होते तिचे. तिनं इकुमाच्या पाठीला नळी लावली, डाव्या बाजूला ऐकलं, उजव्या बाजूला ऐकलं, आणि परत डाव्या बाजूला ऐकलं. फोटो काढला. फुप्फुसाभोवती पाणी साचलं होतं. बहुतेक क्षयच. शहरातल्या डॉक्टरनं फोनवर सांगितलं की पाणी काढायला हवं, गुरुवारच्या विमानानं पाठवा.

दुखतं का, असं लॉरेननं इकुमाला विचारलं. इकुमानं भुवया उचलल्या. लॉरेन उत्तराची वाट बघत राहिली. मी म्हटलं, "हो म्हणतेय ती." आमच्यात भुवया उचलल्या की हो, नाक मुरडलं की नाही. नर्सा येतात, हे शिकेपर्यंत जातात.

उलायुक खुर्चीत ताठ बसली होती. तिनं विचारलं ते एवढंच, बरोबर कोण जाणार. लॉरेन म्हणाली, लहान मुलांबरोबर एका जवळच्या नातेवाइकाचं तिकीट मिळतं. फॉर्म तेवढा भरायचा. आणि फॉर्म माझ्या हातात देऊन ती दुसऱ्या खोलीत पळाली, तिथं कुणाचा तरी हात मोडला होता.

नाव, वय, घर नंबर. मग नात्याचा रकाना.

मी विचारलं, "ही तुझी कोण?"

उलायुक नेहमीप्रमाणे माझ्या पलीकडच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "तुला माहीत आहे."

"कागदासाठी तुझ्या तोंडून हवं."

"माझी आई. आणि लिहिशील तर तसंच लिही. कालवू नकोस."

मी लिहिलं. रुग्ण, सोबत्याची आई. सोबती, रुग्णाची मुलगी. देवाशपथ सांगते, लिहिताना मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. घरी मुलाला दादा म्हणणारी बाई मी. आणि दुसरी गोष्ट, त्या बाईच्या तोंडचा एक शब्दही इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, याची मी वीस वर्षं शपथ घेतल्यासारखी राखण करत आले होते. शब्द जसाच्या तसा पोचवला याचा मला त्या दिवशी थोडा अभिमानच वाटला.

आमच्या गावाला रस्ता नाही. आहे तो आकाशातून, आठवड्यातून दोनदा, तोही हवेची लहर असेल तर. गुरुवारी हवा बिघडायच्या बेतात होती. ढग खाली उतरलेले, धावपट्टीवरचा झेंडा फाटेस्तोवर फडफडत होता. उलायुक इकुमाला घसरगाडीवर कातड्यांत गुंडाळून घेऊन आली. पत्र्याच्या खोलीत बाकावर तिला मांडीशी घेऊन बसली. पोरीचे ओठ निळसर झाले होते. पुटुगुक, विमानतळाचं सगळं काम बघणारा, यादी बघून म्हणाला, "एकच नाव आहे माझ्याकडे. इकुमाचं. म्हातारीचं नाहीये."

लॉरेननं भिंतीवरचा फोन उचलला. ती बराच वेळ ऐकत होती. मग तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी बाकावरून उठून उभी राहिले.

"नऊ वर्षांच्या मुलीला चौसष्ट वर्षांची मुलगी आहे, असं तू लिहिलंयस," ती म्हणाली. "त्यांना वाटलं कुणीतरी फुकटच्या तिकिटासाठी थट्टा चालवलीय. सोबत नामंजूर झालीय. तू शुद्धीवर होतीस का?"

मी तिला नावाचं सांगायला लागले. तिला ऐकायला वेळ नव्हता. वैमानिक पंधरा मिनिटं थांबणार होता, पुढचं विमान सोमवारी, आणि सोमवारपर्यंत वादळ. तातडीचं विमान दुसऱ्या गावच्या बाळंतिणीला घेऊन गेलं होतं. लॉरेननं ठरवून टाकलं की मुलगी एकटीच जाईल, विमानात बाई असते, तिकडे उतरवून घ्यायला माणूस येईल. तिनं खिशातून प्लास्टिकची पट्टी काढली, तिच्यावर नंबर होता, आणि ती इकुमाच्या मनगटावर घट्ट लावली.

हे मी उलायुकला सांगायच्या आतच तिला कळलं होतं. ती पट्टीकडे बघत होती. जहाजावर शाईची खूण करत, त्या जागेपासून दोनच बोटं वर. तिनं कमरेच्या पिशवीतून अर्धचंद्री सुरी काढली, सीलचं कातडं सोलायची. पुटुगुक एक पाऊल मागे सरला. उलायुकनं पट्टीखाली आपलं बोट घातलं, पोरीच्या कातडीला धार लागू नये म्हणून, आणि एका झटक्यात पट्टी कापली. जमिनीवर टाकली. वर बूट ठेवला.

लॉरेन म्हणाली, "तिला सांग, तिनं मुलीला थांबवलं तर मला पोलिसांना बोलवावं लागेल."

मी सांगितलं. जसंच्या तसं.

उलायुक इकुमाला उचलून उठली. "दुभाष्याच्या पोरीला सांगा," ती पुटुगुकला म्हणाली, जणू मी तिथं नव्हतेच, "की तिच्या बापाला जमलं ते तिला जमणार नाही. मी आईला बर्फापार माझ्या तंबूवर नेतेय. मरायचंच असेल तर माणसांत मरेल."

ती दाराकडे निघाली. मी दारात उभी राहिले. असं मी आयुष्यात कधी कुणाला अडवलं नव्हतं, आणि म्हाताऱ्या माणसाला तर नाहीच.

"बाजूला हो," ती म्हणाली.

मी हललेच नाही. हात लांब करून लॉरेनकडून फोन ओढून घेतला. पलीकडे प्रवासाची परवानगी देणारी मुलगी होती, तरुण आवाजाची, दमलेली. मी तिला सांगितलं, चूक माझी आहे, कागद माझ्या हातचा आहे, वाटेल ती शिक्षा द्या पण आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा. ती म्हणाली, एकदा खोटा ठरलेला कागद मला तुझ्या शब्दावर बदलता येणार नाही. सोबत जाणाऱ्या बाईनं स्वतः फोनवर नातं सांगायला हवं. तिनं सांगितलं की मी लगेच शिक्का मारते.

फोनची वायर ताणून मी रिसीव्हर उलायुकपुढे धरला. "तिला नातं ऐकायचंय. त्यांच्या हिशोबातलं."

उलायुक रिसीव्हरकडे बघत होती. आमच्याकडे नाव नाकारलेलं नावाला कळतं. ते रुसतं, अंगातून उठून जातं, आणि पोर आजारी पडतं. आजारी पोराचं तर मग विचारायलाच नको. त्या बाईची आई तिच्याकडून एकदा नेली होती. आता तिनं स्वतःच्या तोंडानं, ही माझी आई नव्हे, असं म्हणायचं होतं.

"माझी आई आहे," उलायुक रिसीव्हरमध्ये म्हणाली.

मी तोंड उघडलं. एक शब्द, नात. मी म्हटला असता तर कुणाला कळलं नसतं, पलीकडच्या मुलीला आमची भाषा येत नव्हती. जिभेच्या टोकावर होता. तेवढ्यात उलायुकनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

"मी म्हटलं तेच म्हण," ती म्हणाली. "तुझ्या बापानं मध्ये एक संध्याकाळ घातली होती."

बाहेर विमानाचा एक पंखा फिरायला लागला होता. मला आजही विचाराल तर सांगता येणार नाही की मी तेव्हा बरोबर वागले का चूक. मी फोनमध्ये म्हटलं, "ती म्हणते, ही माझी आई आहे."

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला. "मग माझ्या हातात काही नाही."

लॉरेन शिवी हासडून बाहेर गेली, वैमानिकाकडे दोन मिनिटं मागायला. पुटुगुक खाली बघत होता. खोलीत फक्त इकुमाचा श्वास ऐकू येत होता, कापड फाटल्यासारखा.

"मुली," इकुमा म्हणाली.

उलायुकनं मान खाली केली.

"मुली, ती विचारतेय ते सांग."

"ते सांगितलं तर तू जाशील, आई." असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सहा वर्षांच्या पोरीचा होता तो.

इकुमानं नाक मुरडलं. नाही. मग थोडं थांबून, पुरेसा श्वास जमवून, म्हणाली, "मी सांगतेय ना. आईचं ऐकायचं." आणि तिनं गाणं सुरू केलं, ओठांतल्या ओठांत. इवलं इवलं नाक तुझं. बर्फाहून गार गं. ये ये माझ्या गळ्यापाशी. तिथं श्वास संपला. खोकला आला, खोकल्यानं ती पूर्ण वाकली, आणि उबेचं दार तसंच अर्ध्यात राहिलं.

उलायुकनं माझ्या हातातून रिसीव्हर हिसकावून घेतला. एका हातात पोर, एका हातात रिसीव्हर. आणि ती त्यांच्या भाषेत बोलली. माझ्या नाही, त्यांच्या. लहानपणी शाळेत छड्या मारून शिकवलेली, मग उभ्या जन्मात कधी तोंडात न घेतलेली. म्हणजे इतकी वर्षं नर्सचा शब्दन् शब्द तिला समोर बसून कळत होता, आणि माझाही.

"नात," ती म्हणाली. "माझ्या मुलीची मुलगी. मी आजी. लिही."

तो शब्द तिनं माझ्या तोंडून जाऊ दिला नाही. पलीकडून "मारला शिक्का" असं ऐकू आलं, तसा तिनं रिसीव्हर मला परत न देता भिंतीवर टांगला, वळली, आणि मी दारातून बाजूला झाले.

विमानापर्यंत साठ पावलं असतील. वारा इतका की तिरपं चालावं लागत होतं. लॉरेन औषधांची पिशवी घेऊन पुढे, मी कातडी घेऊन मागे. इकुमाचा चेहरा उलायुकच्या गळ्यात खुपसलेला होता. मी एकटक बघत होते, तिचं नाव अजून अंगात आहे ना, उठून गेलं तर नाही. तिचे डोळे उघडे होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझ्या मुलीची टोपी राहिलीय आत." मी धावत जाऊन टोपी आणली.

शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उलायुक थांबली. लॉरेन आत शिरली होती. वैमानिक हातवारे करत होता. उलायुकनं वळून माझ्याकडे बघितलं, माझ्यातून नाही, माझ्याकडे.

"परत कधी येणार आम्ही?"

डॉक्टर म्हणाला होता, सगळं नीट झालं तर तीन आठवडे. नीट झालं तर. मला दिसत होतं, हे तीन आठवडे किती सहज ओठांवर येतील, आणि ते ऐकून तिला वर चढायला किती सोपं जाईल. माझे वडील होडीत कसे उभे असतील ते मला पहिल्यांदा समजलं. त्यांना क्षमा करावी असं वाटलं नाही. समजलं एवढंच.

"माहीत नाही," मी म्हटलं.

वाऱ्यानं तिचे पांढरे केस तोंडावर येत होते. दोन्ही हात पोरीभोवती, म्हणून ती ते बाजूला करत नव्हती.

"तुझा बाप असता तर काहीतरी गोड बोलला असता," ती म्हणाली.

"हो."

"तुला तेवढंही येत नाही."

"नाही येत."

तिनं भुवया किंचित उचलल्या. हो म्हणाली, कशाला ते मी विचारलं नाही. मग इकुमा तिच्या खांद्यावरून म्हणाली, "मुली, थंडी वाजतेय, चल," आणि ती चढली.

लॉरेन खाली उतरली, शिडी ओढून घेतली, विमान वाऱ्यात दोनदा तिरकं होऊन वर गेलं. लॉरेन माझ्याशी एक शब्द न बोलता दवाखान्याकडे निघाली. दहा पावलांवरून ओरडून म्हणाली की उद्या सकाळी त्या फॉर्मची नीट प्रत करून दे, आणि परत असलं काही लिहिलंस तर दुसरी दुभाषी बघेन. गावात दुसरी नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

पत्र्याच्या खोलीत पुटुगुक झाडू मारत होता. कापलेली पट्टी त्यानं उचलून माझ्या हातात दिली, तुझ्या दवाखान्याची आहे म्हणून. नंबर नीट वाचता येत होता. मी ती खिशात घातली.

संध्याकाळी घरी आले तेव्हाही उजेड होता, एप्रिलमध्ये असतोच. दादानं विचारलं, चहा टाकू का. मी म्हटलं, तुला हवा तर टाक, मला नको.